जाळं दातांत राहिलं

चालताना तुमचा उजवा पाय पुढे पडतो, तेव्हा कोणता हात पुढे येतो? उठू नका. चालून बघायचं नाही, बसल्या जागी सांगा. नाही ना येत? जन्मापासून याच अंगात राहताय आणि आपलाच हात कुठे जातो ते ठाऊक नाही. लाजू नका, ठाऊक असायची गरजच पडली नाही तुम्हाला. ते काम तुमच्या वतीने आत कुणीतरी गुपचूप करतंय. जगनच्या आतला तो गडी काम टाकून बसला, म्हणून जगनला घरातून ओट्यावर यायचं तरी आधी पायाकडे बघावं लागतं, मग हाताकडे, मग भिंतीकडे. आणि गाव त्याला बेवडा म्हणतं.

पनवेल खाडीच्या काठचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की उद्या तिथली शहाणी माणसं छाती काढून येतील, गावाची बदनामी केली म्हणून. देवळासमोर बसून त्यांनी एका माणसाची जी बदनामी केली, ती आधी निस्तरू, मग गावाचं बघू.

जगनच्या बापाची मिठागरं होती. ती सरकारी भूसंपादनात गेली तेव्हा जगनला मिसरूड फुटत होतं. खाडी मात्र तेव्हा तरी कुणी उचलून नेली नव्हती. पाग म्हणतात ते, हाताने फेकायचं गोल जाळं, जगन कळायला लागल्यापासून फेकत होता. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय, चादर झटकल्यासारखं असेल. तर ऐका. दोरीचा फास डाव्या मनगटाला. जाळ्याचा वरचा भाग गोळा करून डाव्या मुठीत. घेराचा एक पदर डाव्या कोपरावर टाकलेला. शिशाच्या गोळ्या लावलेली कड दातांत धरलेली. उरलेला घेर उजव्या हातात. पाय गुडघाभर चिखलात, आणि चिखल तर जागचा हलत असतो. मग कमरेतून पीळ घ्यायचा आणि सोडायचं. उजवा हात, कोपर, मूठ, दात, सगळं एका झोकात. पण अगदी एकाच क्षणी नाही, प्रत्येकाने आपल्या पाळीला सुटायचं. दात लवकर सुटले तर जाळं गोळा होऊन बदकन पडतं. उशिरा सुटले तर जाळं दात घेऊनच पाण्यात जातं. त्या गावात पुढचे दात नसलेली बरीच माणसं दिसतील, सगळीच काही म्हातारी नाहीत.

जगनचे दात शाबूत होते. त्याचं जाळं पाण्यावर उघडायचं ते परातीसारखं. भामा लग्न होऊन आली तेव्हा शेजारणींनी तिला काठावर नेऊन दाखवलं होतं, "बाय, तुझा नवरा बोलाय मुका, पन जालं टाकतो तवा बग." भामाने बघितलं. नंतर ती सांगायची, हळदीच्या दिवसापासून जे काही आवडायचं राहिलं होतं ते त्या दिवशी आवडलं.

दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. जगन पीत नव्हता. बाप दारूने गेला, तेव्हापासून थेंब नाही. आमच्याकडच्या हळदीत न पिणारा बाप्या म्हणजे चेष्टेचा विषय. जगनने ती चेष्टा वर्षानुवर्षं खाल्ली आणि मांडवात पडलेली माणसं खांद्यावर टाकून त्यांच्या त्यांच्या घरी पोचवली. गावकीचे मुख्य पंच काशिरामनाना, त्यांनाही. एकदा नव्हे.

द्रोणागिरीला गोदामं उभी राहिली, तेव्हा गावकीच्या शब्दावर ठेकेदाराने गावातली माणसं घेतली. दोन हजार सात-आठची गोष्ट. जगन लागला, आणि लागल्या लागल्या त्याने भामाच्या धाकट्या भावासाठी शब्द टाकला. परेश बारावी झालेला, बोलका, मोबाइलवर हिंदीत साहेबांशी गप्पा मारणारा. दोन वर्षांत तो शेडचा मुकादम झाला आणि जगन त्याच्या हाताखाली. जगनला त्यात काही वाटलं नाही. आपल्याच माणसाच्या हाताखाली आहे, म्हणायचा.

बाहेरदेशातून लाकूड यायचं ते कंटेनरमधून. त्यातले किडे मारायला गॅस सोडतात, दार बंद ठेवतात. मग दार उघडून हवा लागू द्यायची, मापाचं यंत्र घेऊन माणूस येतो, तो बरं म्हणाला की मगच हमालांनी आत जायचं. असा कागदावरचा नियम. पण ट्रक रांगेत उभे, साहेब फोनवर ओरडतोय, आणि त्या गॅसला वास नाही. ज्या विषाला वास नाही ते आहे असं कोण मानतो? परेश म्हणायचा, "भावजी, चला, झाली हवा. तुमी पयले शिरा, मंग बाकीचे येतील." जगन पहिला शिरायचा. त्या हंगामात तो किती वेळा असा शिरला, ते त्यालाही आठवत नाही.

पहिल्यांदा फसली ती मोटारसायकल. डाव्या हाताने क्लच सोडत जायचा, उजव्याने रेस वाढवत जायचं, हे जगन झोपेतही करू शकला असता. एका सकाळी गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा उडी. नाक्यावरचा बाळू रिक्षावाला ओरडला, "जगनदादा, घोडी अंगावर घेत नाय काय आज?" सगळे हसले, जगनही हसला. मग शर्टाची बटणं. मग जीभ जड झाली, शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडायला लागले. आणि एक दिवस शेडमध्ये लाकडाच्या थप्पीवरून उतरताना त्याचे हात शिडीला पोचायच्या आधीच पाय सुटले.

खाली पडला, उठला, झोकांडी खाल्ली. गेटवरच्या रखवालदाराने निकाल देऊन टाकला, "सुबह सुबह चढाके आया है." ठेकेदाराच्या माणसाने पास काढून घेतला. परेश तिथेच उभा होता. जगनने त्याच्याकडे बघितलं. परेश मोबाइलकडे बघत होता.

भामाने त्याला पनवेलला नेलं, जुन्या बाजारातल्या अरुंधती डॉक्टरांकडे. मेंदूच्या डॉक्टर, आवाज बाजारातल्या बाईसारखा मोकळा. त्यांनी जगनला आपल्या बोटाला बोट लावून मग स्वतःच्या नाकाला लावायला सांगितलं. बोट नाक सोडून डोळ्यावर गेलं. तळहात मांडीवर एकदा सुलटा, एकदा उलटा, भराभर आपटायला सांगितला. दोन्ही हात एकमेकांत गोंधळले. मग त्यांनी त्याचे दंड दाबले, म्हणाल्या, "ताकद बैलाची आहे की!"

"मंग पडतो कसा?" भामा म्हणाली.

"होडी काठावर ओढता तेव्हा कशी ओढता?" डॉक्टरांनी जगनला विचारलं.

जगन सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलला. "एक जन हाली देतो. त्यो दोरी धरत नाय. त्यो वरडला की सगले एकदम ओढतान."

"आणि तो नसला?"

"कोन आता ओढतो, कोन मंग. होडी हलत नाय. मानसं पडतान."

"तेच झालंय. हात उचल, असं मोठा मेंदू सांगतो. हातात ताकद आहे. चालायची लय तर खाली पाठीच्या कण्यातच बांधलेली असते. पण इथे मागे," त्यांनी त्याच्या मानेच्या वर बोट ठेवलं, "लहान मेंदू असतो. हाळी तो देतो. कुणी आधी लागायचं, कुणी मागाहून, कुणी कधी सोडायचं. तुम्ही हात पुढे टाकता त्याच्या आधी तुमची पोटरी ताठ होते, नाहीतर तोंडावर आपटाल. हे तुम्ही कधी ठरवलंत? तो ठरवतो. हात, पाय, मान, डोळे, सगळ्यांची खबर घेत राहतो, चुकलं तर वाटेतच दुरुस्त करतो. तुमचे हातपाय ठणठणीत आहेत, दादा. हाळी बिघडलीय."

"बेवड्यासारखी?" भामाने विचारलंच.

"दिसायला तशीच. कारण दारू चढते तीसुद्धा इथेच बसते. फरक एवढाच, बेवड्याची सकाळी उतरते." मग त्यांनी कामाचं विचारलं, गॅसचं ऐकलं. तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले. शेवटी म्हणाल्या, "मी माझ्या बाजूने ठामपणे सांगेन. पण इतक्या आठवड्यांनी रक्तात तो गॅस सापडायचा नाही. तुम्हाला आत जाताना बघितलेला माणूस लागेल."

भामाला हायसं वाटलं. बघितलेला माणूस तर घरचाच होता.

ठेकेदार चलाख. भामा आणि जगन त्याच्याकडे गेले, पण त्याने डॉक्टरांचं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, "मी तुमच्या गावकीच्या शब्दावर माणसं घेतो. गावकीने देवीसमोर सांगावं, जगन प्यायला नव्हता. उद्या कामावर घेतो, दवाखानाही मी बघतो." केवढा मोठेपणा! जगनला वाटलं, सुटलो. या गावात मी पीत नाही हे कुत्र्यालाही ठाऊक आहे.

रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळासमोर गावकी बसली. पुढ्यात खाडी, भरती लागलेली. काशिरामनानांनी परेशला बोलावलं. देवीसमोरच्या ताटातला भंडारा उचलून बोलायचं, ही तिथली शपथ. हातात हळद घेतली की खोटं बोलायचं नाही, असं समजतात. परेशने हळद उचलली.

"देवीचा भंडारा उचलून सांगतो. त्या दिवशी भावजींच्या तोंडाला वास येत व्हता."

भामा बसल्या जागी म्हणाली, "परेश!" एवढंच.  जगन परेशच्या पिवळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिला. मग भिंतीला धरून उठला.

"आना जालं," तो म्हणाला.

हे बाहेरच्यांना कळायचं नाही. खाडीवर कुणी पिऊन आलाय असा संशय आला, तर होडीत घेण्याआधी त्याला काठावर जाळं टाकायला लावायची जुनी रीत आहे. गोल पडलं तर चल, नाही पडलं तर घरी जाऊन झोप. दुसऱ्या कुणी जगनला हे सुचवलं नव्हतं. त्याने स्वतः मागितलं. डॉक्टरांनी इतकं समजावून सांगितल्यावरही.

"अवो, नको. डाक्टरीन काय बोल्ली? इसरला काय?" भामाने त्याचा हात धरला.

"माजे हात हाईत, भामा. अख्खा गाव खोटा बोलल. हे नाय बोलाचे."

त्याला पाण्यात उतरवलं. त्याने फास अडकवला, मूठ भरली, कोपरावर पदर टाकला, कड दातांत धरली. सगळं बरोबर. तोवर वेळ होता, एकेक करून करता येत होतं. काठावरची बडबड थांबली. जगनने पीळ घेतला.

मूठ आधीच उघडली. कोपरावरचा पदर तिथेच गुंतला. उजवा हात आपली सगळी बैलाची ताकद लावून पुढे गेला, आणि दातांना कुणी सोडा म्हणून सांगितलंच नाही. शिशाचं वजन त्याच्या तोंडाला हिसका देऊन गेलं. जगन जाळ्याच्या मागोमाग तोंडावर पडला. उठला तेव्हा तोंड चिखलाने आणि रक्ताने भरलेलं होतं, पुढचे दात गेलेले.

आधी कुणीतरी एकच हसलं. मग दोघं-तिघं. मागून आवाज आला, "उतरली का रं जगन?" आणि मग सगळेच. काशिरामनाना हसले नाहीत, एवढं त्यांच्या नावावर लिहायला हरकत नाही. ते म्हणाले, "बस झाला. देवीनं निवाडा दिला."

भामा पाण्यात उतरली. नवऱ्याला काखेत हात घालून वर आणलं, सरळ पंचांच्या पुढ्यात उभं केलं.

"नाना, वास घे."

नानांनी खाडीकडे बघितलं.

"कालपासून माजे नजरेसमोर हाय. आता सकाल हाय. प्यालाय ना? मंग वास घे ना तोंडाचा. परेश, तू ये. तुना तर लांबूनबी आला व्हता वास. ये, आता जवलून घे. कोनीतरी या रं!"

जगन तोंड उघडून उभा होता. ओठातून रक्त गळत होतं. भामा एकेकाकडे वळत होती, आणि ज्याच्याकडे वळेल तो माणूस आपली चप्पल शोधायला लागत होता. नाक सगळ्यांना होतं. पावलंही होती. एवढंच पुढे यायचं होतं. कुणी आलं नाही. वास घेतला असता तर कळलं असतं, आणि कळून घ्यायचं कुणाला नव्हतं.

तिथून पुढे जगनचं बोलणं अजूनच कमी झालं. ओट्यावर बसायचा, डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम करायचा. टाच दुसऱ्या नडगीवर ठेवून खाली घसरवायची, बोट नाकाला लावायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, सर्कस चालू झाली. भामाने पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी लावली.

दिवाळी आली. भाऊबीजेला परेश साडी घेऊन दारात. भामाने त्याला बघितलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. पाट मांडला नाही. आतून जगन म्हणाला, "मांड पाट. बसू दे त्याला."

परेश बसला. भामा ताट घेऊन उभी राहिली, दिवा लावलेला, पण हात वर होईना.

"परेश," जगन म्हणाला. त्याला एक वाक्य पुरं करायला वेळ लागायचा, आणि परेशला तो सगळा वेळ तसंच बसावं लागलं. "मना नको सांगू. पंचांना नको सांगू. हिला सांग."

परेशने मान खाली घातली. म्हणाला, "ताई, मीच पाठवला त्यांना. यंत्रवाला आलाच नव्हता. वास-बिस काय नव्हता."

"बाहेर चल," भामा म्हणाली. "हाच बोल ओट्यावरून बोल."

"घरात धा वेळा सांगतो. बाहेर नाय." आता तो तिच्याकडे बघून घाईघाईने बोलायला लागला. "ठेकेदार बोल्ला, गॅसचं नाव निघालं तर तुमच्या गावाचा एक माणूस आत ठेवणार नाय, सगळे बाहेरून आणीन. आख्ख्या गावाची चूल हाय ताई तिथं. मी एकटा काय करू? आणि मी एकट्याने थोडंच ठरवलं? नाना आदल्या दिवशी घरी आले व्हते. पंच सगळे व्हते. काय बोलायचं ते तिथंच ठरलं."

जगनने हात वर केला. हात थरथरत भलतीकडेच गेला, तो त्याने दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

"म्हंजे," तो म्हणाला, "मी जालं टाकला. तवा जे हसले."

परेशने पाटाची कड धरली.

"त्यांना म्हाईत व्हता?"

"व्हय, भावजी. बऱ्याच जनांना."

परेशने खोटी शपथ घेतली, ते जगनने गिळलं होतं. मेहुणा तरुण आहे, घाबरला असेल, असं स्वतःला सांगून झालं होतं. गाव मात्र त्याने आजवर बाजूला ठेवलं होतं. गाव फसलं, असं तो धरून चालला होता. त्यांनी डोळ्यांनी बघितलं, त्यांना तसंच वाटणार, असं तो भामाला समजवायचा. ज्या माणसांना त्याने खांद्यावरून घरी पोचवलं, ती माणसं खरं काय ते माहीत असताना, तो चिखलात पडल्यावर हसली. हे त्या क्षणापर्यंत त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. माणसाचा मेंदू गेला तरी एवढा भाबडेपणा शिल्लक राहतो, याचा मला अजून संताप येतो.

भामाने दिवा फुंकला. ताट आत ठेवलं. साडी परेशच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "जा."

आता ऐका. परेश अजून मुकादम आहे. नाना अजून पंच आहेत. जगन भिंत न धरता ओट्याच्या टोकापर्यंत जातो, कधी जमतं, कधी नाही. त्याला तुमची कीव नको, कीव करणाऱ्यावर तो थुंकतो, आणि पुढचे दात नसले तरी ते त्याला चांगलं जमतं. त्याला एकच गोष्ट हवी आहे: जिथे त्याला खोटं ठरवलं, तिथेच, तितक्याच माणसांपुढे, कुणीतरी खरं बोलावं. परेश बोलणार नाही, गाव बोलणार नाही. पण त्या पाळीत परेश एकटा नव्हता. कंटेनरचं सील तोडणारे होते, फोर्कलिफ्ट चालवणारा होता, रांगेत ट्रक लावून शेडच्या दाराशी उभे असलेले ड्रायव्हर होते. त्यातले कितीतरी आज कळंबोलीत, रोडपालीत राहतात आणि हे वाचू शकतात.

तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर गाव कोणतं ते तुम्हाला विचारावं लागणार नाही. गावकी रविवारी सकाळी बसते. या. देवळासमोर उभे राहा आणि मोठ्याने सांगा, की दार उघडल्या उघडल्या जगनला आत पाठवताना तुम्ही बघितलंत, आणि तो प्यायलेला नव्हता.